कांगोरीचा दांड

महाबळेश्वरचे पठार पश्चिमेकडे जेथे एकाएकी तुटते, तेथून कोकणाच्या अंगाला डोंगराच्या अनेक सोंडा उतरल्या आहेत. त्यांतील काही सावित्रीच्या पात्राच्या रोखाने सरळ चालत येतात, काही मध्येच एखाद्या खिंडीत खचून पुन्हा डोके वर काढतात, आणि काही दोन खोऱ्यांच्या मध्ये आडव्या पडून राहून या खोऱ्यातल्या माणसाला त्या खोऱ्यातल्या माणसापासून उभ्या आयुष्यभर दूर ठेवतात. महाडच्या आग्नेयेस, महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ, अशाच एका सोंडेवर कांगोरीचा किल्ला आहे. शिवाजीमहाराजांनी त्याला मंगळगड हे नाव दिले, जुन्या कुलाबा गॅझेटियरात त्याची उंची २,४५७ फूट नोंदलेली आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला दोन-चार ओळींपलीकडे फारसे काही आलेले नाही. डोंगराच्या एका अंगाचे पाणी बिरवाडीच्या बाजूने काळ नदीस मिळते, दुसऱ्या अंगाचे पोलादपूरच्या बाजूने सावित्रीस. आणि काळ ही पुढे सावित्रीलाच मिळत असल्यामुळे, माथ्यावर ज्या पाण्याची ताटातूट झाली ते महाडच्या आसपास पुन्हा एकत्र येते. या पाण्याच्या दोन्ही वाटांवर, डोंगराच्या कुशीत, उतारावर, खिंडीच्या तोंडाशी ज्या वाड्या, कोंड आणि धनगरवाडे वसलेले आहेत, त्यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे. किल्ल्याविषयी त्या निमित्ताने जे सांगावे लागेल तेवढेच.

या मुलखाची हकिकत जावळीच्या मोऱ्यांपासून सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती सकारण आहे. १६५६ च्या जानेवारीत जावळी पडली, त्याच वर्षी रायरी हाती आली, आणि चंद्रराव मोऱ्याच्या अमलाखालची डोंगरी ठाणी एकामागून एक स्वराज्यात दाखल झाली. ढवळे गावावरचा ढवळगड हा चंद्रगड झाला, कांगोरी मंगळगड झाली, आणि तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी जो प्रसंग घडला त्याची सर्व रंगभूमी याच डोंगरांनी पुरविली. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ येथून दूर नाही. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर पडलेल्या त्या वीराचा देह घाट उतरून याच मुलखात आणला गेला, आणि उमरठास त्यांची समाधी आहे. पुढे पेशवाई बुडताना, १८१७ मध्ये, हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पेशव्यांच्या माणसांनी पकडून प्रथम कांगोरीवर आणि मग वासोट्यावर कैदेत ठेवले, व १८१८ मध्ये रायगडाबरोबरच या बाजूचे किल्लेही कंपनी सरकारच्या हवाली झाले. एवढ्यावर किल्ल्याचा इतिहास संपतो. ज्यांच्या खांद्यावरून त्या किल्ल्यावर धान्य चढले, ज्यांच्या गोठ्यांतून तूप गेले, ज्यांनी पावसाळ्यात तटाच्या भेगांत माती भरली, त्यांचा इतिहास मात्र संपला नाही; तो पिंपळवाडीत, दुधाणेवाडीत, ढवळ्याच्या खोऱ्यात, पार कुडपणापर्यंत चालूच आहे, आणि त्याकडे पाहण्याची फुरसत आपल्याला क्वचितच होते.

डोंगराच्या उंचीप्रमाणे वस्ती कशी बदलत जाते हे या दांडाइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसत असेल. अगदी खाली, नदीच्या आणि वहाळांच्या काठी, भाताची खाचरे आहेत. ती मुख्यतः मराठा-कुणब्यांच्या वहिवाटीची. खाचराच्या वर जेथे उतार सुरू होतो तेथे घरे आहेत, कारण जी जमीन भात देते ती घराखाली घालविण्याइतकी श्रीमंती या मुलखात कधीच कोणाला परवडली नाही. घरांच्या मागे वरकस जमीन: तीवर नाचणी, वरी, हरीक आणि कारळा यांची पाळी, आणि मग काही वर्षे पड. त्याच्याही वर, कारवीच्या रानातून आणि हिरड्या-जांभळीच्या झाडीतून वाट काढीत गेले की माथ्याजवळच्या सपाटीवर गवळी धनगरांची पाच-दहा घरे लागतात. म्हशी, गोठे, आणि ज्याच्या धुराने पावसाळ्याचे चार महिने घर कोरडे राहते ती न विझणारी चूल. गावाच्या कडेला महारवाडा होता, तो आता बौद्धवाडी झाला आहे. आणि सर्वांच्या बाहेर, कोणाच्याच हद्दीत पुरती न मावणारी, कातकऱ्यांची वस्ती, जी दिवाळीनंतर कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर निघून जाते आणि पावसाच्या तोंडाशी परत येते.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा या दोन शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये गवळी धनगरांच्या जीवनक्रमावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दाखवून दिले की सह्याद्रीच्या माथ्यावरचा गवळी आणि खोऱ्यातला कुणबी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते. एकाने वरच्या रानातला चारा लोणी-तुपात बदलायचा, दुसऱ्याने खालच्या चिखलातून धान्य काढायचे, आणि दोघांनी तूप व धान्य यांची देवघेव करायची, अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी होती. शास्त्रज्ञांनी हे शास्त्राच्या भाषेत सांगितले. दांडावरच्या म्हाताऱ्या माणसांना ते अनुभवाने ठाऊक होते. मला मात्र या वाटणीतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ती वाटणी उंचीवर आधारलेली होती आणि म्हणून तिच्यात डोंगराचा प्रत्येक थर कोणाचा तरी होता. उताराचा एकही पट्टा असा नव्हता की ज्याची नजरेने रोज राखण होत नसे. कोणता झरा आटला, कोणते झाड कलले, कोठे गुरांच्या पायवाटेला चीर पडली, हे कोणा ना कोणाच्या ध्यानात येत असे.

मग वाड्या इतक्या उंच का चढल्या? याचे उत्तर निसर्गापेक्षा दफ्तरात अधिक सापडते. या भागात खोती होती. सरकारसारा भरण्याची जबाबदारी खोतावर आणि खोताचे देणे कुळावर, अशी ती उतरंड. भातावर अर्धेल म्हणजे निम्मे पीक, वरकस पिकांवर तिर्धेल म्हणजे एक तृतीयांश, आणि त्यावर वेठ वेगळी. ज्याला निम्मे भात देऊन पोट भरत नाही तो तिर्धेलीच्या जमिनीकडे, म्हणजे वर, सरकणार हे उघड आहे. आणि ज्याला तीही मिळत नाही तो त्याच्याही वर, जेथपर्यंत खोताचा कारकून सहसा चढत नाही तेथपर्यंत जाणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ हे जमिनीचे मालक ठरले. परंतु तोपर्यंत वाड्यांच्या जागा पक्क्या झाल्या होत्या. घराला जोते झाले होते, फणस धरला होता, झऱ्याचे पाणी पन्हळीने अंगणात आले होते. कायद्याने जमीन दिली ती जेथे माणूस होता तेथेच दिली.

झऱ्याचे नाव निघाले आहे म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या चिकण मातीचा पातळ पट्टा असतो, आणि वरच्या भेगाळलेल्या खडकातून झिरपत आलेले पाणी त्या पट्ट्यावर अडून बाजूने बाहेर पडते, तोच झरा. म्हणून डोंगराच्या अंगावर झऱ्यांची एक आडवी रेघ असते, आणि वाड्याही बहुधा त्याच रेघेवर वसतात, कारण उन्हाळ्यात पाण्यासाठी खाली नदीपर्यंत उतरून हंडा डोक्यावर घेऊन चढणे किती जीवघेणे आहे हे तेथील बायकांना सांगावे लागत नाही. परंतु खडक कुजून त्याची माती होण्याचे कामही याच रेघेवर सर्वांत वेगाने चालते. शतकानुशतके साठलेली ती जाड माती, तिच्या पोटात अडलेले पाणी, तीव्र उतार, आणि त्यावर एखाद्या रात्री आभाळ फाटावे असा पाऊस: दरडीला लागणाऱ्या साऱ्या गोष्टी तेथे जमून असतात. ज्या पाण्याने वाडी जगते ते पाणीच वाडी घेऊन जाते, हे या मुलखाचे सर्वांत कठोर सत्य आहे.

२५ आणि २६ जुलै २००५ या दोन दिवसांत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते व पोलादपूर तालुक्यातील कोतवाल येथे दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास माणसे मातीखाली गेली. त्यांतल्या दुसऱ्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यामुळे देशाचे सारे लक्ष तिकडे गेले होते. महाडकडे ते यायला उशीर झाला. सोळा वर्षांनी पुन्हा जुलै महिना. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुराखाली होते, रस्ते तुटले होते, वीज व दूरध्वनी बंद पडले होते. आणि वरंध घाटाच्या बाजूला तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर मागचा डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर गावची सुतारवाडी आणि केवनाळे येथे त्याच वेळी आणखी अकरा जण दगावले. महाबळेश्वराच्या माथ्यावर २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या कित्येक तालुक्यांना सबंध वर्षात मिळतो तेवढा. मदतीची पथके पोचेपर्यंत जे काही झाले ते शेजारच्या वाड्यांतील माणसांनी हातांनी, फावड्यांनी आणि घमेल्यांनी केले.

या घटनांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. तळिये नव्हे, तळियेची कोंढाळकरवाडी. साखर नव्हे, साखरची सुतारवाडी. रायगड जिल्ह्यातच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री जी गेली ती इरशाळवाडी. दरड मौजे पाहून कोसळत नाही; ती वाडीवर कोसळते. आणि आपले सारे महसुली दफ्तर मात्र मौज्यावर उभे आहे. इंग्रजी अमदानीतल्या पैमाशीने गावाच्या शिवारातला एकूण एक सर्व्हे नंबर मोजला, त्याचा आकार ठरविला, त्याच्या हद्दीचे दगड रोविले. ते काम इतक्या काटेकोरपणे झाले की आजही आपण त्याच्याच आधाराने भांडतो. पण पैमाशीचा हेतू सारा वसूल करण्याचा होता. जी जमीन पीक देत नाही तिच्यावर सारा नाही, आणि जिच्यावर सारा नाही तिचे वर्णन करण्याचे कारणही नाही. म्हणून कडा, घळ, उतार, दरडीची जुनी माती, हे सारे त्या त्या नंबरात ‘पोटखराबा’ या एका सदराखाली गेले. डोंगराचा जो भाग माणसाच्या जिवावर उठू शकतो, तो आपल्या सात-बाऱ्यावर एका शब्दात मिटलेला आहे. आणि त्याच्या खाली राहणारी वाडी पुष्कळदा गावठाणाच्या हद्दीबाहेर असल्यामुळे दफ्तराच्या दृष्टीने तीही जवळजवळ नाहीच. जनगणना होते ती महसुली गावाची. पंचनाम्याच्या मथळ्यावर येते तेही मौज्याचे नाव.

कोणी म्हणेल, वाडी ही इतकी लहान गोष्ट आहे की सरकारने तिची नोंद कशी ठेवावी? परंतु हे म्हणणे टिकण्यासारखे नाही, कारण ज्या ठिकाणी सरकारला गरज वाटली तेथे वाडीची नोंद नित्यनेमाने होते. एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात महाड आणि पोलादपूरच्या डोंगरवस्त्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, आणि त्यासाठी दरसाल जो टंचाई आराखडा तयार होतो त्यात ‘गावे’ आणि ‘वाड्या’ असे दोन वेगळे रकाने असतात. मतदारांच्या यादीत वाडी असते. जिल्हा परिषदेच्या शाळेवर वाडीचे नाव असते, जरी त्या शाळेचा पट आता बोटांवर मोजण्याइतका उरला असला तरी. तहान मोजताना जी वाडी दिसते, मत मोजताना जी दिसते, ती डोंगराच्या धोक्याचा हिशेब करताना का दिसू नये, हा प्रश्न मी पूर्ण गांभीर्याने विचारतो आहे.

येथे हाँगकाँगचे उदाहरण आठवते. तेही डोंगर, तेही मोसमी पाऊस, आणि तेथेही उतारावर दाटीने राहणारी गरीब माणसे. १९७२ आणि १९७६ साली तेथे मोठ्या दरडी कोसळून अनेक माणसे मेल्यानंतर तेथील सरकारने १९७७ मध्ये केवळ उतारांची काळजी वाहण्यासाठी एक स्वतंत्र कार्यालय काढले, आणि माणसाने कापलेला किंवा भरलेला प्रत्येक उतार मोजून, त्याला क्रमांक देऊन, त्याची नोंदवही केली. ते क्रमांक आज सुमारे साठ हजारांच्या घरात आहेत, आणि प्रत्येक उताराच्या देखभालीची जबाबदारी कोणावर आहे ते त्यात लिहिलेले असते. हाँगकाँग श्रीमंत आहे हे खरे. पण नोंदवहीला फार पैसा लागत नाही. ज्या राज्याने दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीच्या काळात प्रत्येक खाचराचा बांध मोजला, त्या राज्याला प्रत्येक वाडीच्या डोक्यावरचा उतार मोजता येणार नाही, असे मला वाटत नाही.

नोंद नसण्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा आदिवासींखेरीज इतर वननिवासींना आपला दावा सिद्ध करण्यासाठी तीन पिढ्यांची, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांची, वहिवाट दाखवावी लागणार होती. महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. माथ्यावरचा गवळी धनगर पंच्याहत्तरच काय, त्याच्या दुप्पट वर्षे तेथे असेल; पण त्याच्या वाड्याचे नाव कोणत्या कागदावर आहे? रान राखीव झाले तेव्हा ते खात्याच्या नकाशावर रान म्हणून चढले, त्यातला गोठा चढला नाही. गाडगीळ समितीने २०११ मध्ये, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये आपापले अहवाल दिले, आणि २०१४ पासून पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना पुनःपुन्हा निघत आहेत. त्यांच्या याद्यांतही गावेच आहेत. गाडगीळांच्या अहवालाचा गाभा असा होता की कोणत्या डोंगरावर काय करावे याचा निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावा. त्या अहवालावर इतका गदारोळ झाला, परंतु हा गाभा दांडावरच्या वाड्यांपर्यंत कोणी नेऊन सांगितल्याचे दिसत नाही.

या मुलखातील उपेक्षितांनी आपल्या नोंदीसाठी लढा दिला नाही असे मात्र नाही. उलट, आधुनिक महाराष्ट्रातला तसा सर्वांत थोर लढा येथेच झाला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त होऊन आलेले शिपाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक. दासगावच्या परिसरात अशा निवृत्त सैनिकांची आणि त्यामुळे शिक्षणाची परंपरा होती. रामचंद्र बाबाजी मोरे त्याच परिसरातले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा १९२३ चा बोले यांचा ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे यांचे साहाय्य, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर जाऊन ओंजळीने प्यालेले पाणी, हा क्रम आपल्याला पाठ आहे. पण त्या वेळी महाडास भरलेल्या परिषदेला जी हजारो माणसे आली ती बव्हंशी खेड्यापाड्यांतली होती. आणि बाबासाहेबांनी त्यांना केवळ पाण्याविषयी सांगितले नाही, तर गावकीची मिंधी कामे सोडा आणि रानातल्या पडीक जमिनी मिळवून शेती करा, असेही सांगितले. पाणी आणि जमीन या दोन गोष्टींची सांगड त्यांनी त्याच व्यासपीठावर घातली होती. तळ्याचा निकाल १९३७ साली उच्च न्यायालयात लागला. जमिनीचा पुष्कळ अंशी अजून लागावयाचा आहे.

माणसे वाड्या सोडून गेली, असे आता सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली जी माणसे राबली त्यांत या दांडाखालचीही होती. गाळ्यात वीस-वीस जण राहून त्यांनी मनिऑर्डरी पाठविल्या, ग्रामस्थ मंडळे काढली, देवळांना फरशा आणि शाळांना कौले घातली. १९८२ च्या संपाने तो आधार तुटला, आणि पुढे त्यांची मुले कोणी रिक्षा-टॅक्सीवर, कोणी नोकरीच्या शोधात उपनगरांत गेली, तर काही जण बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत कंत्राटी मजूर म्हणून लागले. पण वाडी सुटली नाही. शिमग्याला पालखी सहाणेवर आली की तिला खांदा देण्याचा मान कोणत्या घराचा, हे आजही मुंबईच्या खोलीत बसून भांडणापर्यंत जाऊन ठरते. गौरी-गणपतीला महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागतात त्यांतल्या कित्येक गाड्या पोलादपूरला वळून कापड्याच्या, साखरच्या, उमरठच्या रस्त्याला लागतात. वर्षाचे अकरा महिने जी वाडी म्हाताऱ्यांची असते ती त्या दहा दिवसांत माणसांनी फुलून जाते. बदल झाला आहे तो दुसरा, आणि माझ्या मते अधिक गंभीर. वरकस शेती सुटली. नाचणी-वरी करायला हात नाहीत, म्हशी कमी झाल्या, कवळ तोडून राब भाजण्याचे कष्ट कोणी घेत नाही. त्यामुळे उतारावर रोज पडणारी नजर नाहीशी झाली. पाण्याला वाट काढून देणारी आडवी चर पूर्वी दरसाल वैशाखात उपसली जात असे, ती बुजली. त्याच वेळी रस्ता आला, घरासाठी जेसीबीने डोंगराचा पाय कापून सपाटी झाली, आणि कापलेल्या जागी भिंत बांधण्याइतके पैसे उरले नाहीत. रस्ता नको असे म्हणण्याचा अधिकार, डोलीतून बाळंतिणीला खाली नेताना जो कधी गेला नाही अशा कोणालाही नाही. परंतु रस्ता कापताना त्याच्या वरच्या झऱ्याचे पाणी कोठे जाणार हे विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे.

पुनर्वसनाचा प्रश्न येथेच येऊन अडतो. तळियेतील वाचलेली कुटुंबे आधी कंटेनरच्या घरांत राहिली आणि नंतर म्हाडाने बांधलेल्या वसाहतीत गेली. घर पक्के मिळाले हे चांगले झाले, आणि ज्यांनी ते केले त्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. पण डोंगरातल्या माणसाचे घर म्हणजे चार भिंती नव्हेत. गोठा, पेंढ्याचे उडवे, लाकडे रचण्याची जागा, परसातला फणस आणि चालत जाण्याच्या अंतरावरचे खाचर मिळून ते घर होते. एका ओळीत बांधलेल्या घरांत म्हैस बांधायची कोठे? म्हैस गेली की शेणखत गेले, शेणखत गेले की खाचर गेले, आणि खाचर गेले की तरुणाला मुंबईखेरीज वाट नाही. दासगावच्या दरडग्रस्तांना २००५ नंतर तात्पुरत्या निवाऱ्यांत कित्येक वर्षे काढावी लागली, हे आपण विसरता कामा नये. कारण ज्या वाडीला आज धोक्याची नोटीस मिळते, ती वाडी दासगावकडे पाहते आणि मगच उठायचे की नाही ते ठरवते. पावसाळा आला की तलाठी नोटीस बजावतो, लोक सही करतात आणि तेथेच राहतात. त्यांना अडाणी म्हणणे फार सोपे आहे. वस्तुतः ते दोन धोक्यांची तुलना करीत असतात: एक कदाचित येईल असा, आणि दुसरा खात्रीने येणारा.

म्हणून उठविण्याच्या आधी ओळखण्याचे काम झाले पाहिजे, आणि ते वाडीवार झाले पाहिजे. महसूल मंडळाच्या ठिकाणी आता स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत व चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. परंतु मंडळाचे ठिकाण बहुधा खाली खोऱ्यात असते, आणि खोऱ्यात शंभर पडला तर दांडावर किती पडला हे त्यातून कळत नाही. वाडीतल्या शाळेच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक बसविले, त्याचा आकडा रोज सकाळी भिंतीवर लिहिला, तर चार विद्यार्थ्यांच्या त्या शाळेला तालुक्यातल्या कोणत्याही कचेरीइतके महत्त्व येईल. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नेहमीचा झरा बंद पडून नवा फुटणे, अंगणात चीर पडणे, दाराची चौकट वाकडी होणे, झाडे कलणे, ही लक्षणे भूशास्त्रज्ञ सांगतात आणि वाडीतल्या वृद्ध बायकाही सांगतात. दोघांचे सांगणे एका वहीत यावे एवढेच.

त्यासाठी नवा कायदा नको. १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, प्रत्येक ग्रामपंचायतीची ग्रामसभा भरते. तेव्हा शाळांना सुट्टी लागलेली असते, चाकरमानी मुलाबाळांसह गावी आलेले असतात, आणि मृग लागायला पाच-सहा आठवड्यांचा अवकाश असतो. त्या सभेत मौज्याच्या नावाखाली प्रत्येक वाडी, कोंड, धनगरवाडा, बौद्धवाडी आणि कातकरवाडी यांची नावे वेगवेगळी लिहावीत; प्रत्येकीच्या वर कोणता उतार आहे, त्यावर कोणते झरे आहेत, चर कोणी उपसायची, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, रात्री निघायची वेळ आली तर कोणत्या वाटेने कोणाच्या पडवीत जायचे, आणि गुरांचे काय, हे सारे मोठ्याने वाचून दाखवावे व मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. तहसील कचेरीने ती वही स्वीकारून आपल्या दफ्तरी लावून घ्यावी, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसे तालुक्यात येतील तेव्हा त्यांच्या हाती मौज्यांच्या यादीबरोबर हीही वही द्यावी.